जुना आरपीजी नव्या कन्सोलवर आणायचाय? पहिल्या करारापासून रिलीजनंतरच्या बॅकअपपर्यंत सगळं

टेल्स ऑफ सिम्फोनिया हा आरपीजी, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन गोष्ट खेळायचा खेळ, २००३ मध्ये निन्टेन्डोच्या गेमक्यूब कन्सोलवर आला तेव्हा सेकंदाला ६० फ्रेमने (म्हणजे ६० चित्रांनी) पळायचा, आणि २०२३ मध्ये त्याचं रीमास्टर, म्हणजे नव्या मशीनसाठी चकाकवलेलं व्हर्जन, आलं ते ३० फ्रेमचं. मशीन कितीतरी पट दणकट आणि खेळ निम्म्या फ्रेमचा, हे कसं काय? तर मधे प्लेस्टेशन २ चं व्हर्जन आलं होतं, त्यात कंटेंट जास्त पण फ्रेम ३०, त्यावरून प्लेस्टेशन ३ चं झालं आणि त्यावरून हे. प्रत्येक वेळी शेवटचं, जास्त भरलेलं व्हर्जन उचललं गेलं आणि लढाईचा मूळ वेग मागेच राहिला. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, ग्राफिक्स चकाचक करायच्या आधी कोणतं व्हर्जन मूळ धरायचं ते ठरवा आणि मग शेवटपर्यंत त्याच्याशी इमान राखा, बाकी सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात.

मी इंदूरचा, आमचं काम पोर्टिंग (एका मशीनचा खेळ दुसऱ्या मशीनवर आणणं) आणि टेस्टिंगचं, टीम छोटी. इथे लोकमान्य नगर, सुदामा नगर, रामबाग इकडची बरीच मराठी पोरं एसजीएसआयटीएस इंजिनीअरिंग कॉलेज किंवा देवी अहिल्या विद्यापीठातून शिकून निघतात आणि विचारतात की दादा, यात शिरायचं तर नेमकं काय काय करावं लागतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. तुमच्याकडे एक जुना आरपीजी आहे, टीम चार-पाच जणांची आहे आणि तो स्विच, प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर पुन्हा आणायचाय असं धरून चालू.

पायरी १: हक्क कोणाकडे आहेत ते कागदावर बघा

"खेळ जुना आहे, कंपनी बंद पडली, आता कोण विचारतंय" हे डोक्यातून काढून टाका. भारतात कॉम्प्युटर प्रोग्रॅम १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली साहित्यकृती धरला जातो, मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. अमेरिकेत कंपनीसाठी केलेल्या कामाला साधारणपणे प्रकाशनापासून ९५ वर्षं, म्हणजे १९९५ चा खेळ तिथे २०९० पर्यंत कुठे जात नाही. बंद पडलेल्या कंपनीचे हक्क पण कोणी ना कोणी विकत घेतलेले असतात.

आणि हक्क एकच नसतो. कोडचा वेगळा, नावाचा ट्रेडमार्क वेगळा, संगीतकाराचा करार वेगळा, आवाज दिलेल्या कलाकारांचा वेगळा, आणि खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या दुसऱ्याच्या दुनियेवर असला तर त्या दुनियेचं लायसन्स अजून वेगळं. जुन्या करारात "प्लेस्टेशनसाठी" असं लिहिलं असेल तर ते डिजिटल डाउनलोडला लागू होतं का, हे वकिलालाच विचारा. आपल्या कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने एक फार कामाची गोष्ट आली, हक्क दिले त्या वेळी जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यवहारात वापरलं जात नव्हतं, त्याला तो करार लागू होत नाही, करारात त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय. शिवाय करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून तुमच्या नव्या करारात मुदत, जगभरचे देश, कन्सोलची नावं, "पुढे येणारी माध्यमं" आणि पॅच (रिलीजनंतरची दुरुस्ती) काढायचा हक्क हे सगळं शब्दाने लिहून घ्या, तोंडी काही ठेवू नका, समोरचा कितीही घरचा असला तरी.

पायरी २: मूळ कोणतं

आता मुख्य काम. जुन्या आरपीजीची तीन-चार व्हर्जन असतात: जपानी, अमेरिकन, युरोपियन, पीसीचं, मग मोबाइलचं. सगळी मिळवा, एकेक करून खेळा, आणि फरकांची यादी करा. युरोपियन व्हर्जन असेल तर जास्त सांभाळून, कारण तिकडचे जुने टीव्ही आपल्यासारखेच पाल (PAL) पद्धतीचे, ५० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र काढणारे, आणि ६० हर्ट्झसाठी बनलेले बरेच खेळ तिकडे नीट जुळवून न घेता विकले गेले, त्यामुळे ते सुमारे १७ टक्के हळू चालायचे, संगीतसुद्धा कधी कधी रेंगाळलेलं. असलं व्हर्जन पाया म्हणून घेतलं तर सगळा खेळ सुस्त होतो आणि टीममध्ये कोणाला कळत पण नाही का ते.

मोबाइलचं व्हर्जन सगळ्यात सोपं वाटतं, कारण कोड नवा असतो आणि चालू असतो. क्रोनो ट्रिगर १९९५ चा, पण २०१८ मध्ये पीसीच्या स्टीम स्टोअरवर आला तो मोबाइलच्या पायावर, बोटाने दाबायचे मोठमोठे मेनू, गुळगुळीत करून टाकलेली चित्रं, लोक इतके चिडले की नंतर महिनोनमहिने पॅच काढून मेनू बदलावे लागले आणि जुन्या चित्रांचा पर्याय द्यावा लागला. कोड सोपा पडला पण काम दुप्पट झालं.

ठरलं की एक संदर्भ मशीन उभं करा: मूळ कन्सोल, मूळ डिस्क किंवा कार्ट्रिज, आणि एक जुना जाड काचेचा टीव्ही. हा टीव्ही ऑनलाइन शोधत बसू नका, इंदूरला कोणाच्या ना कोणाच्या काकांच्या माळ्यावर अजून सापडतो, आणि बिघडलेला असला तर जेल रोडकडच्या जुन्या रिपेअरवाल्यांकडे चौकशी करा. त्यावर सुरुवात, पहिली लढाई, पहिलं गाव, एक बॉस, दुकान, सेव्ह एवढं तरी व्हिडिओत पकडून ठेवा. पुढे "मुळात असंच होतं" आणि "नाही रे, असं नव्हतं" हे भांडण रोज होणार, तेव्हा आठवणीवर विसंबायचं नाही, व्हिडिओ लावायचा.

पायरी ३: हाताशी काय आहे

हक्कवाले म्हणतात "सगळं देतो", आणि सगळं म्हणजे कधी कधी फक्त विकलेली डिस्क. मोठ्या कंपन्यांचंही हेच झालंय. किंगडम हार्ट्सचा मूळ डेटा हरवला होता, २०१३ च्या एचडी आवृत्तीसाठी विकलेल्या खेळातून वस्तू उकरून काढाव्या लागल्या आणि बरंच नव्याने बनवावं लागलं. आइसविंड डेल २ चा सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ कोड) सापडला नाही म्हणून त्याच्या भावंडांना मिळाली तशी सुधारित आवृत्ती त्याला मिळाली नाही. फायनल फँटसी टॅक्टिक्सचा १९९७ चा मूळ सोर्स पण राहिला नव्हता, २०२५ च्या आवृत्तीसाठी टीमला जुना खेळ बघून बघून कोड पुन्हा उभा करावा लागला.

म्हणून करारावर सही करायच्या आधी विचारा: सोर्स आहे का, आणि असेल तर शेवटच्या विकलेल्या बिल्डचाच (कोडपासून तयार केलेल्या खेळाचाच) आहे का मधल्याच कुठल्यातरी, कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम) कोणता होता, चित्रांच्या मूळ फाइली आहेत का कमी रंगात उतरवलेल्या, संगीताचं मास्टर आहे का, मूळ संवादांची फाइल आहे का. उत्तरं बघूनच वेळेचा अंदाज द्या, त्याआधी तारीख बोलू नका.

पायरी ४: रस्ता निवडा

ढोबळ तीन रस्ते. एक, एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मूळ खेळ तसाच चालवायचा, २०१९ चं कलेक्शन ऑफ माना याच वळणाचं. कमी खर्च, वागणूक अगदी मूळची, पण आत काही बदलायचं म्हटलं की हात बांधलेले. इथे लायसन्स नीट वाचा, स्नेस९एक्ससारख्या एम्युलेटरचं लायसन्स व्यापारी वापराला चालत नाही, आणि जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा कोड घेतला तर सोर्स द्यावा लागतो पण कन्सोलचं एसडीके (खेळ बनवायची अधिकृत साधनं) गुप्ततेच्या करारात असतं, दोघांचं जमत नाही.

दोन, सोर्स पोर्ट, म्हणजे जुना कोड नव्या मशीनवर कंपाइल करायचा आणि चित्र-आवाज-इनपुटचा थर बदलायचा. बाल्डर्स गेटच्या २०१२ च्या सुधारित आवृत्तीने हेच केलं, तीच पुढे २०१९ मध्ये कन्सोलवर आली. तीन, सगळं नव्याने, जसं १९९४ चा लाइव्ह अ लाइव्ह २०२२ मध्ये आला. एक मधला मार्ग पण आहे: २०२५ च्या ऑब्लिव्हियन रीमास्टरमध्ये आतलं गणित जुन्या इंजिननेच (खेळ चालवणाऱ्या मूळ कोडनेच) चालतं आणि चित्र अनरियल ५ हे नवं इंजिन काढतं. छोट्या टीमने सोर्स असेल तर दुसरा रस्ता घ्यावा असं माझं ठाम मत आहे. नव्याने बनवायचा मोह फार होतो, पण चार जणांची टीम त्यात वर्षानुवर्षं अडकते.

पायरी ५: वेळेचं गणित, इथे घाई करू नका

जुन्या खेळांत फ्रेम हेच घड्याळ. हिरो एका फ्रेमला २ पिक्सेल सरकतो, ३० फ्रेमला सेकंदात ६० पिक्सेल झाले. तुम्ही फ्रेम ६० केल्या आणि कोड तसाच ठेवला की तो १२० पिक्सेल पळणार. हे डोळ्यांना लगेच दिसतं म्हणून दुरुस्त होतं, पण न दिसणाऱ्या गोष्टी तशाच राहतात. डार्क सोल्स २ मध्ये ६० फ्रेमवर शस्त्रं दुप्पट वेगाने झिजायची, कारण मेलेल्या शत्रूच्या अंगाला किंवा भिंतीला तलवार लागत असताना झीज फ्रेमप्रमाणे मोजली जायची, ते २०१५ मध्ये पॅचने दुरुस्त झालं.

उपाय असा. आतलं गणित मूळच्याच ठोक्यावर ठेवा, ३० चं असेल तर ३३.३ मिलिसेकंदाला एकदा, आणि चित्र मात्र ६० वेळा काढा, मधल्या चित्रात मागची आणि पुढची जागा यांच्यामधली जागा दाखवा. यात एक खोच आहे: हिरो दारातून दुसऱ्या खोलीत गेला, किंवा कॅमेरा एकदम दुसरीकडे कापला, तर तिथे मधलं चित्र काढायचं नाही, नाहीतर एका फ्रेमपुरता हिरो स्क्रीनभर घसरत गेलेला दिसतो, आणि कोणी विचारलं तर सगळे म्हणतात "काहीतरी चमकलं बुवा". म्हणून प्रत्येक वस्तूवर "उडी मारली" असा एक झेंडा (हो-नाहीची खूण) ठेवा.

मग रँडम नंबर, म्हणजे खेळातला नशिबाचा आकडा. बऱ्याच खेळांत तो दर फ्रेमला एक पाऊल पुढे सरकतो, म्हणजे फ्रेम बदलल्या की शत्रू किती पावलांनी भेटणार, चोरी जमणार का, दुर्मिळ वस्तू पडणार का, सगळं बदलतं. संदर्भ मशीनवर आणि पोर्टवर तीच गुहा पुन्हा पुन्हा चालून लढाया मोजा आणि आकडे शेजारी ठेवा. कंटाळवाणं काम आहे पण खेळाचा तोल यातच असतो. विषाचं नुकसान, डायलॉग आपोआप पुढे जायचा वेळ, लढाईतली भरणारी पट्टी, हे पण त्याच यादीत.

पायरी ६: चित्र

२४० ओळींचं चित्र ४के टीव्हीवर बरोब्बर ९ पट बसतं, पहिल्या स्विचच्या हातातल्या ७२० ओळींच्या स्क्रीनवर बरोब्बर ३ पट. १०८० वर मात्र साडेचार पट होतं, आणि साडेचार पट केलं की काही पिक्सेल जाड, काही बारीक, हिरो चालताना चेहरा थरथरल्यासारखा दिसतो. तिथे ४ पट घ्या, ९६० ओळी, आणि वर-खाली ६०-६० मोकळ्या सोडा, सगळी स्क्रीन भरायची ज्यांना हौस आहे त्यांना ऑप्शन द्या. सुपर निन्टेन्डोचं चित्र २५६ बाय २२४, पण टीव्हीवर ते ४:३ मध्ये पसरायचं, तुम्ही चौरस पिक्सेलने दाखवलं तर माणसं वाळल्यासारखी दिसतात. खेळातला चंद्र किंवा ढाल शोधा, तो गोल कोणत्या मापात गोल दिसतो ते बघा, चित्रकाराने कोणतं माप धरलं होतं याचा अंदाज येतो.

१६:९ साठी दोन्ही बाजूंना जागा उघडायची तर आधी तिथे काय आहे ते बघा, बाहेर उभी राहून आपल्या एन्ट्रीची वाट बघणारी पात्रं दिसायला लागतात. आधीच काढून ठेवलेल्या बॅकग्राउंडवाल्या खेळांत तर बाजूला काही नसतंच, तिथे ४:३ च ठेवा. आणि पिक्सेल गुळगुळीत करणारा फिल्टर सुरुवातीलाच चालू ठेवू नका, प्लीज.

संगीतात लूपची जागा (गाणं जिथून पुन्हा सुरू होतं ती) नेमक्या सॅम्पलवर, म्हणजे आवाजाच्या अगदी बारीक तुकड्यावर हवी, बस. लढाईनंतर मैदानाचं गाणं जिथे थांबलं होतं तिथूनच सुरू व्हायचं का पहिल्यापासून, तेही मूळ व्हिडिओत बघून घ्या.

पायरी ७: मजकूर, आणि मराठी द्यायचं असेल तर

हे मी जरा लांब लिहिणार आहे, कारण माझी फार इच्छा आहे की आपल्याकडच्या टीमने जुना आरपीजी पुन्हा काढला तर त्यात भाषेच्या यादीत मराठी असावं, आणि हे काम बाहेरचं कोणी आपल्यासाठी करणार नाही.

जुन्या इंजिनला वाटतं एक बाइट म्हणजे एक अक्षर म्हणजे ८ बाय ८ चा एक चौकोन. देवनागरी तिथे बसतच नाही. "क्षि" हे आत चार कोड आहेत, आणि वेलांटी मागून येते पण दिसते पुढे. म्हणून मजकुराचा थर इंजिनमधून बाहेर काढा, स्क्रीनच्या पूर्ण रिझोल्यूशनवर वेगळा काढा, अक्षरं जुळवायला हार्फबझ ही लायब्ररी वापरा, ते ओपन सोर्स आहे आणि अँड्रॉइड, क्रोममध्ये तेच चालतं. फॉन्ट नोटो किंवा "मुक्त" (Mukta) नावाचा, दोन्हींचं लायसन्स मोकळं आहे. भाषा मराठी आहे हे हार्फबझला सांगा, म्हणजे फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असतील तर ते येतील, आणि "दुसऱ्या"मधला र नीट येतो का ते मुद्दाम तपासा.

मग नाव टाकायची स्क्रीन. मूळ खेळात सहा अक्षरांची मर्यादा, आणि "ज्ञानेश्वर" आत दहा कोडांचं पण डोळ्यांना चार अक्षरांचं. मोजणी अक्षरांची ठेवा, कोडांची नाही. टाइपरायटरसारखा एकेक अक्षर उमटणारा डायलॉगही तसाच, कोडाप्रमाणे उमटवलात तर आधी पाय मोडलेला ज् दिसतो, मग ञ चिकटतो, मग काना, वाचणाऱ्याचं डोकं उठतं. सेव्ह फाइलमध्ये नावाची जागा सहा बाइटची असेल तर तीही वाढवावी लागेल, आणि ती वाढवली की तिच्या मागचं सगळं सरकतं, म्हणून हे पहिल्या महिन्यातच करा.

अनुवादकाला नुसती एक्सेलची फाइल देऊ नका. कोण कोणाशी बोलतंय हे प्रत्येक ओळीपुढे लिहा, कारण राजाला सेनापती "आपण" म्हणेल, गावातली म्हातारी हिरोला "तू" म्हणेल, आणि "मी गेलो" की "मी गेले" हे बोलणारा कोण त्यावर. हिरो मुलगा-मुलगी निवडता येत असेल तर अशा ओळींना दोन रूपं ठेवायची सोय आधीच करा. ओळी जोडून वाक्य बनवणारा कोड, म्हणजे वस्तूचं नाव अधिक "मिळाली", हा तर हमखास फसतो, तलवार मिळाली ठीक, पण धनुष्य मिळालं, कडं मिळालं आणि मुकुट मिळाला. प्रत्येक वस्तूपुढे लिंग लिहून ठेवा. डायलॉगमध्ये "एक्स दाबा" असं चित्रासकट पक्कं बसवलेलं असेल तर ते काढून खूण टाका, बटण कन्सोलप्रमाणे आपोआप येऊ दे.

बटणं आणि सेव्ह

निन्टेन्डोचं ए उजवीकडे, एक्सबॉक्सचं ए खाली, आणि जुन्या जपानी प्लेस्टेशन खेळांत होकार म्हणजे गोल, नकार म्हणजे फुली, तिकडे अमेरिकेत उलटं. बदलायचा ऑप्शन ठेवा. सेव्ह फाइलला पहिल्या दिवसापासून व्हर्जन नंबर द्या. आधी नव्या फाइलमध्ये लिहा, तपासा, मगच जुनी काढा, पावसाळ्यात मधेच लाइट गेली तरी खेळणाऱ्याचे चाळीस तास वाहून जाता कामा नयेत.

सोयी द्या, पण बंद करता येतील अशा

फायनल फँटसीच्या पहिल्या सहा खेळांचे पिक्सेल रीमास्टर २०२१-२२ मध्ये पीसी-मोबाइलवर आले, आणि एप्रिल २०२३ मध्ये स्विच-प्लेस्टेशनवर येताना त्यात अचानक होणाऱ्या लढाया बंद करायची सोय, अनुभवाचे पॉइंट शून्यापासून चौपटपर्यंत, जुन्या वळणाचा फॉन्ट, आणि जुनं की नवं संगीत हे निवडता यायला लागलं. हाच नमुना ठेवा. नोकरी-घर सांभाळून रात्री अर्धा तास खेळणाऱ्याला फास्ट फॉरवर्ड आणि ऑटोसेव्ह लागतंच, आणि ज्याला १९९७ सारखं खेळायचंय त्याला सगळं बंद करून तसंच मिळायला हवं. झगमगणारे जादूचे इफेक्ट मात्र तपासून कमी कराच, फोटोसेन्सिटिव्ह लोकांना (ज्यांना झगमगाट सोसत नाही) त्याचा खरोखर त्रास होतो.

टेस्टिंग

नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २ जून २०२२ मध्ये स्विचवर आला आणि एका ठिकाणी असा क्रॅश व्हायचा की खेळ पूर्णच करता येत नव्हता. म्हणून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, खऱ्या कन्सोलवर, डेव्हलपरच्या डीबग मेनूने मधेच पुढे उडी न मारता, प्रत्येक रिलीज बिल्डवर किमान एकाने पूर्ण खेळायचाच. दुसऱ्याने मुद्दाम वेडंवाकडं खेळायचं, सगळ्या साइड क्वेस्ट उलट्या क्रमाने, बॅग गच्च भरून, पैसे ९९९९९९ करून. तिसरा माणूस असा हवा ज्याने हा खेळ कधीच बघितला नाही, घरातली आत्या, मामेभाऊ कोणीही, तो जिथे अडकतो तिथे पेन घेऊन लिहा, सांगू नका. आणि मेमरी गळते का, म्हणजे वापरलेली मेमरी परत न सुटता वाढतच जाते का, हे बघायला रात्री गावात फिरणाऱ्या कॅमेऱ्यावर खेळ चालू ठेवून द्या, मग खुशाल सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत जाऊन या, सकाळी पोहे खाता खाता मेमरीचा आलेख बघा.

कटसीनमध्ये (गोष्टीचा व्हिडिओसारखा प्रसंग चालू असताना) कन्सोल झोपवणं, सेव्ह होताना कंट्रोलर काढणं, स्टोरेज भरलेलं असणं, मधेच दुसऱ्या युजरने लॉगिन करणं, हे चार प्रकार प्रत्येक स्क्रीनवर.

सर्टिफिकेशन आणि स्टोअर

स्टोअरवर जाण्याआधी कन्सोल कंपनीची तपासणी पास व्हावी लागते: सोनीची टीआरसी, मायक्रोसॉफ्टची एक्सआर, निन्टेन्डोचं लॉटचेक. नियमांची पुस्तकं डेव्हलपर म्हणून मंजुरी मिळाल्यावरच हातात येतात. मायक्रोसॉफ्टचा आयडी ॲट एक्सबॉक्स आणि सोनीचा इंडिया हीरो प्रोजेक्ट हे डेव्हलपरसाठीचे कार्यक्रम म्हणजे इंदूरला बसून अर्ज करता येतील असे रस्ते आहेत, अर्जात चालणारा डेमो दाखवा, नुसती स्लाइड नको. वयाच्या रेटिंगसाठी डिजिटल स्टोअरला आयएआरसी या आंतरराष्ट्रीय रेटिंग संस्थेची प्रश्नावली भरायची असते, त्यात आरपीजीतला जुगारखाना आणि दारूचा गुत्ता विसरू नका. नापास झालात तर पुन्हा रांग लागते, म्हणून रिलीजची तारीख जाहीर करायच्या आधी पास होऊन घ्या.

रिलीजनंतर

पहिल्या पॅचसाठी माणसं आणि पैसे आधीच बाजूला ठेवा. आधीचं व्हर्जन कुठल्या स्टोअरवर विकत मिळत असेल तर ते काढू नका असं हक्कवाल्यांना पटवा, ज्याला ते हवंय त्याला मिळू दे.

आणि सगळं साठवा: सोर्स, कंपायलर बसवलेली व्हर्च्युअल मशीन, लेयरसकट चित्रं, संगीताचं मास्टर, अनुवादाची फाइल, संदर्भ व्हिडिओ, करारांच्या स्कॅन. दोन डिस्कवर, आणि त्यातली एक दुसऱ्या कोणाच्या घरी. दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस काढून त्या डिस्कवरून कोऱ्या मशीनवर बिल्ड काढून बघा, लायसन्स संपलंय, फॉन्टची फाइल राहून गेलीय, असलं जे काही असेल ते तेव्हाच कळतं, आणि ज्याने ते काम केलं तो अजून टीममध्ये असेल तर दुपारपर्यंत दुरुस्तही होतं.